प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी : नवशिक्याची सुरुवात

कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून, पळत-थांबत, आडोशांच्या कडेने वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्ये टिपण्याचा क्रीडाप्रकार. मराठी वाचकाला राही सरनोबतमुळे ठाऊक असलेली पिस्तूल नेमबाजी वेगळी : एका जागी उभे राहून, एका हाताने, ठरलेल्या अंतरावर. प्रॅक्टिकलमध्ये यातले काहीच ठरलेले नसते आणि हा प्रकार ऑलिंपिकमध्येही नाही.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात माजी मरीन अधिकारी जेफ कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरवलेल्या चढाओढींत याची मुळे आहेत. जॅक वीव्हर या पोलीस अधिकाऱ्याने तिथे दोन्ही हातांनी पिस्तूल धरून जिंकायला सुरुवात केली आणि एका हाताने झाडण्याची जुनी पद्धत मागे पडली. १९७६ मध्ये मिसूरी राज्यातल्या कोलंबिया येथे ‘आयपीएससी’ (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली; कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग ही तिची त्रिसूत्री. अमेरिकेतला कारभार १९८४ पासून तिची तिथली शाखा ‘यूएसपीएसए’ पाहते. पुढील वर्णन मुख्यतः तिथल्या क्लब-सामन्यांचे आहे.

खेळाचे सगळे गणित ‘हिट फॅक्टर’मध्ये आहे : मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ए, सी आणि डी असे विभाग असतात. ‘ए’ला ५ गुण. ‘सी’ आणि ‘डी’चे गुण काडतुसाच्या ताकदीवर ठरतात : जास्त ताकदीच्या ‘मेजर’ला ४ आणि २, कमी ताकदीच्या ‘मायनर’ला ३ आणि १. गोळीचे वजन ग्रेनमध्ये (वजनाचे छोटे एकक) आणि वेग सेकंदाला फुटांत घेऊन गुणाकाराला १००० ने भागले की ताकदीचा आकडा येतो. १२४ ग्रेनची ९ मिमी गोळी १०५० फुटांनी गेली तर तो १३० येतो, म्हणजे मायनरची १२५ ची अट पार. आता १२ गोळ्यांची स्टेज, म्हणजे लक्ष्यांची एक मांडणी, घेऊ. सगळ्या ‘ए’ लावून एकाने १२ सेकंद घेतले, तर ६० भागिले १२, म्हणजे ५. दुसऱ्याने मायनर काडतुसांनी ८ ‘ए’ आणि ४ ‘सी’ मारून ९ सेकंदांत संपवले, तर ५२ भागिले ९, म्हणजे ५.७८, तो जिंकला. पण त्याच ९ सेकंदांत ११ ‘ए’ आणि एक गोळी हुकली, तर हुकल्याचे १० गुण वजा होऊन ४५ उरतात आणि आकडा परत ५ वर येतो. घाईचा हिशेब इतका चोख आहे.

साहित्यावर आधी पैसे ओतण्यात अर्थ नाही. ९ मिमीचे नेहमीचे सर्व्हिस पिस्तूल, ट्रिगर पूर्ण झाकणारे होल्स्टर, ताठ पट्टा, चार-पाच मॅगझिने व त्यांचे पाऊच, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण एवढ्यावर ‘प्रॉडक्शन’ गटात उतरता येते. पिस्तुलावर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी दुर्बिणीसारखी साइट) असल्यास ‘कॅरी ऑप्टिक्स’मध्ये.

मैदानावर पिस्तूल रिकामेच असते. ते हाताळायची जागा म्हणजे ‘सेफ्टी एरिया’. तिथे काडतुसाला, अगदी नकली काडतुसालासुद्धा, हात लावायचा नाही. स्क्वाडला, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटाला, आधी स्टेज चालून पाहू देतात. आपली पाळी आली की रेंज ऑफिसर (सुरक्षा आणि वेळ पाहणारा पंच) ‘मेक रेडी’ म्हणतो, मग ‘आर यू रेडी’, ‘स्टँड बाय’ आणि टायमरची शिट्टी. शेवटी पिस्तूल रिकामे करून त्याला दाखवायचे, मगच होल्स्टरमध्ये. बाकी वेळी दुसऱ्यांच्या लक्ष्यांवर चिकटपट्ट्या लावायच्या. हे काम टाळणारा लगेच लक्षात येतो.

नवख्याने पहिल्या सामन्यात एवढेच साधावे : बाद न होणे. पिस्तुलाचे तोंड १८० अंशांच्या रेषेमागे, म्हणजे लक्ष्यांच्या दिशेऐवजी मागच्या बाजूला, गेले, पळताना किंवा मॅगझिन बदलताना बोट ट्रिगरवर राहिले, किंवा भरलेले पिस्तूल हातून पडले, तर त्या दिवसाचा खेळ संपला. उजव्या हाताचा नेमबाज डावीकडे पळत मॅगझिन बदलतो, तेव्हा नळी नकळत मागे वळते. बहुतेक प्रशिक्षक हीच हालचाल आधी सावकाश करून घेतात. पडलेले पिस्तूल स्वतः उचलायचे नाही, ते रेंज ऑफिसर उचलतो.

पुढे ‘क्लासिफायर’ (श्रेणी ठरवण्यासाठीची ठरावीक) स्टेजच्या टक्केवारीवरून ‘डी’ ते ‘ग्रँड मास्टर’ अशी श्रेणी मिळते. ‘ग्रँड मास्टर’ला ९५ टक्के लागतात. होल्स्टरमधून काढणे, मॅगझिन बदलणे हा सराव घरी काडतुसांविना फुकटात होतो आणि प्रगती बरीचशी त्यातूनच येते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी कायदा आधी पाहावा. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने बंदूक वा काडतुसे बाळगता येत नाहीत. शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. भारतात ९ मिमी पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये (सामान्य नागरिकांना मनाई असलेल्या नळीच्या मापांत) मोडते, त्यामुळे या खेळाचे सर्वांत प्रचलित हत्यारच सामान्य परवानाधारकाला मिळत नाही.