सेकंडहँड गाडी: सोबत काय येतं, काय येत नाही
नोकरीसाठी ब्रिटनमध्ये नुकत्याच आलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुण्यात किंवा ठाण्यात जुनी गाडी घेतली की आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरायचे, आरसीवर नाव चढवायचं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आलेलाच असतो, तो १४ दिवसांत नावावर करून घेतला की झालं. इथे हिशेब उलटा आहे. विमा गाडीबरोबर येत नाही, रोड टॅक्सही येत नाही. आधीच्या माणसाचं थकलेलं कर्ज मात्र येऊ शकतं.

आम्ही गाड्या विकत नाही, घेण्याआधी तपासून देतो. त्यामुळे हे वाचून तुम्ही एखादी गाडी सोडून दिलीत तर आमचं काही बिघडत नाही.

आधी विमा, मग गाडी

गाडी पसंत पडली की किंमत ठरवण्याआधी तिचा नंबर टाकून विम्याचं कोटेशन काढा. गाड्यांचे विम्यासाठी १ ते ५० असे गट असतात. पण नवीन आलेल्या माणसाचा हप्ता गटापेक्षाही लायसन भारतीय आहे, देशात येऊन किती महिने झाले आणि रात्री गाडी कुठल्या पोस्टकोडात उभी राहणार यावर चढतो. रस्ता बदलला, पोस्टकोड बदलला, तरी हप्ता बदलतो. भारतातल्या कंपनीचं नो-क्लेमचं पत्र काही कंपन्या मानतात, बऱ्याच मानत नाहीत. ते भारतातून इंग्रजीत, लेटरहेडवर मागवून ठेवा.

गाडी रोज तुम्ही चालवणार आणि हप्ता वाचावा म्हणून मुख्य चालक म्हणून इथे जुन्या झालेल्या मित्राचं नाव घालणार, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ही इथे सरळ फसवणूक धरली जाते आणि अपघात झाला की कंपनी हात वर करते. वापराच्या रकान्यात ऑफिसला जाणं-येणं लिहायला विसरू नका. फावल्या वेळात पार्सल पोचवायचा विचार असेल तर त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

टेस्ट ड्राइव्हला विकणाऱ्याचा विमा तुम्हाला लागू होईलच असं नाही. दिवसापुरता विमा मिळतो, पण अनेक कंपन्या त्यासाठी ब्रिटिश लायसनच मागतात. सोय झाली नाही तर गाडी त्यांना चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. विम्याशिवाय चालवताना सापडलात तर ३०० पौंड दंड, लायसनवर ६ दंडाचे पॉइंट, आणि गाडीही उचलून नेऊ शकतात.

लायसनचे १२ महिने

भारतीय लायसनवर इथे १२ महिने चालवता येतं. हे महिने तुम्ही इथे राहायला आलात तेव्हापासून मोजायचे, गाडी घेतलीत तेव्हापासून नाही. भारताचं लायसन इथे बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन, काढून (ऑनलाइन ३४ पौंड) थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावी लागतात. प्रॅक्टिकलची तारीख मिळायला कित्येक महिने जातात, म्हणून प्रोव्हिजनलचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

याचा गाडीच्या निवडीशीही संबंध आहे. टेस्ट ऑटोमॅटिकवर दिलीत तर लायसन फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. आज हौसेने मॅन्युअल घेतली आणि पुढे टेस्ट सोपी जावी म्हणून ऑटोमॅटिकवर दिली, तर दारातली गाडी तुम्हालाच चालवता येणार नाही.

घरबसल्या काय काय कळतं

गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी ही तपासणी करावी लागते. तिची उरलेली मुदत गाडीबरोबर येते. गाडीचा नंबर टाकला की आजवरच्या सगळ्या एमओटी सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतात: कधी नापास झाली, का झाली, त्या दिवशी किती मैल झाले होते. समजा २०२१ ला ३८,२०० मैल, २०२२ ला ४६,९०० आणि २०२३ ला ४१,३०० दिसले, तर एक तर आकडा लिहिताना चूक झाली किंवा मीटर मागे फिरवलंय. पुढच्या वर्षीचा आकडा पाहिला की दोन्हींतलं काय ते बहुधा कळतं.

पास-नापासपेक्षा ‘ॲडव्हायझरी’ हा भाग सावकाश वाचा. गाडी पास झाली, पण पुढे लक्ष द्या, असे हे शेरे असतात. ब्रेक पाइप गंजल्याचा शेरा तीन वर्षं ओळीने असेल, तर मालक पास होण्यापुरताच खर्च करत आला आहे आणि ते बिल आता तुमच्या वाट्याला येणार.

दहा-वीस पौंड भरून फायनान्स-चेक करा. त्यात गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, कधी राइट-ऑफ झाली होती का, म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीने ती मोडीत धरली होती का, हे कळतं. राइट-ऑफचे वर्ग असतात: कॅटेगरी एन म्हणजे सांगाड्याला धक्का नाही, एस म्हणजे सांगाड्याला धक्का बसलेला. एस असेल तर स्वस्तात मिळाली तरी नवख्या माणसाने घेऊ नये, असं आमचं मत. ए आणि बी या वर्गातली गाडी पुन्हा रस्त्यावर आणताच येत नाही.

लंडनमध्ये राहणार असाल तर युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर रोजचे पैसे लावणारा झोन, पाहा. २९ ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंना (प्रभागांना) लागू आहे. नियमात न बसणारी गाडी ज्या दिवशी चालवाल त्या दिवसाचे १२.५० पौंड लागतात. पेट्रोलच्या २००६ नंतरच्या गाड्या सहसा बसतात, डिझेलच्या सप्टेंबर २०१५ नंतरच्या. तरी नंबर टाकून खात्री करा. दोन हजारांत सुंदर डिझेल दिसली की आधी हे बघायचं.

डिझेलचा आणखी एक त्रास म्हणजे धुराड्यातला फिल्टर. साठलेली काजळी जाळायला त्याला मधूनमधून पंधरा-वीस मिनिटं एका वेगात धाव लागते. घर ते स्टेशन ते शाळा एवढंच फिरणाऱ्याचा फिल्टर तुंबतो, आणि बदलायचं बिल हजाराच्या पुढे जाऊ शकतं. शहरात राहणाऱ्याने पेट्रोलच घ्यावी.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

दिवसा जा, पाऊस नसताना जा. ओल्या रंगावर पोचे दिसत नाहीत. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तुमच्यासाठी गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांतली खडखड, निळा धूर किंवा डळमळता आवाज तापलेल्या इंजिनात लपतो. थांबतो म्हणा, इंजिन पूर्ण गार झाल्यावर पुन्हा सुरू करायला सांगा.

इंजिन बंद असताना तेलाचं झाकण उघडा. आतून दुधाळ, लोण्यासारखा थर दिसला तर तेलात पाणी जातंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलेली असू शकते. हिवाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही थोडा थर येतो, म्हणून कूलंटची टाकीही पाहा. तिथेही तेलकट तवंग असेल तर परत फिरा.

टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. नुसतं ‘बदललाय’ धरू नका. काही छोट्या तीन-सिलिंडर टर्बो इंजिनांत हा पट्टा तेलातच फिरतो. तेल वेळेवर बदललं नाही की पट्ट्याचे कण सुटतात, तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतात, ऑइल प्रेशर पडतं आणि इंजिनच जातं. अशा गाडीची सर्व्हिस हिस्टरी अर्धवट असेल तर आम्ही पुढे तपासतच नाही.

कोकणातली गाडी खाऱ्या वाऱ्याने वरून गंजते, इथली खालून. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते दारांखालच्या पट्टीत आणि ब्रेक पाइपांवर बसतं. गुडघे टेकून मोबाइलच्या टॉर्चने बघा. खाली नवाकोरा काळा थर चोपडलेला दिसला तर तो कशासाठी, हे विचारा.

टायरच्या खाचेत २० पेन्सचं नाणं उभं घाला. नाण्याची कड बाहेर दिसली तर नक्षी १.६ मिमीच्या कायदेशीर मर्यादेला टेकलेली असू शकते. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा कुठेतरी आपटली आहे. रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तेवढी पळाली नाही, तर क्लच संपत आलाय.

डीलर की घरगुती

डीलरकडून घेतलीत तर कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे सदोष गाडी ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. घरगुती विक्रीत हे संरक्षण नाही. म्हणून काही डीलर घरगुती विक्रेत्याचं सोंग घेतात. फोनवर फक्त ‘गाडीसाठी फोन केलाय’ म्हणा. पलीकडून ‘कुठली?’ असं आलं की समजा दुकान आहे. डीलरकडे थोडी रक्कम क्रेडिट कार्डाने भरा. गाडी १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर वाद झाल्यास कार्ड कंपनीही जबाबदार राहते.

पैसे आणि कागद

लॉगबुक, म्हणजे व्ही५सी, पाहिल्याशिवाय एक पेनीही देऊ नका. ‘पोस्टात आहे’ म्हणाले तर येईपर्यंत थांबा. त्यावरचा पत्ता आणि तुम्ही उभे आहात तो पत्ता एकच हवा. काचेखालचा चेसिस नंबर अक्षरन्‌अक्षर जुळवा. आरसीशी याची गल्लत करू नका: व्ही५सीवर गाडी सांभाळणाऱ्याचं नाव असतं, तो मालकीचा पुरावा नाही. म्हणून पावती वेगळी लिहून घ्या: दोघांची नावं, पत्ते, गाडीचा नंबर, रक्कम, तारीख आणि वेळ. कॅमेऱ्याचा दंड कोणाचा, हे त्या वेळेवरून ठरतं.

नव्या बँक खात्यातून पहिल्यांदाच मोठी रक्कम पाठवली की बँक कधी कधी ती अडवून चौकशी करते. आदल्या दिवशी विकणाऱ्याला एक पौंड पाठवून खातं जोडून ठेवा, म्हणजे शनिवारी संध्याकाळी कोणाच्या दारात ताटकळावं लागत नाही.

विकणाऱ्याने तुमच्यासमोर ऑनलाइन नाव बदलावं आणि व्ही५सीची हिरवी पट्टी फाडून तुम्हाला द्यावी. आधी विमा सुरू करा. मग पट्टीवरचा १२ आकडी नंबर टाकून तिथेच फोनवर टॅक्स भरा, आणि त्यानंतरच किल्ली फिरवा. आधीच्या मालकाने वर्षाचा टॅक्स भरलेला असला तरी उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे त्याला परत जातात. तुमची सुरुवात शून्यापासून.

नवं लॉगबुक चार आठवड्यांत आलं नाही तर व्ही६२ हा अर्ज करा. हिरवी पट्टी जोडली तर तो फुकट आहे, नाहीतर २५ पौंड.