कृष्णविवरांची टक्कर: कागदावरची आणि संगणकातली

एकमेकांभोवती फिरत जवळ येणारी दोन कृष्णविवरं कशा गुरुत्वीय लहरी (अवकाशकाळात उठणारे तरंग) सोडतील, हे आइन्स्टाइनच्या १९१५च्या समीकरणांतून निघायला हवं. पण एकट्या कृष्णविवराचं नेमकं उत्तर श्वार्झशिल्डने १९१६ सालीच दिलं, तरी दोघांचं उत्तर सूत्रात मांडणं आजवर कोणाला जमलेलं नाही. म्हणून दोन वाटा निघाल्या.

पहिली कागदावरची, पोस्ट-न्यूटोनियन. न्यूटनच्या गणितापासून निघायचं आणि सापेक्षतेच्या दुरुस्त्या एकीवर एक चढवत जायच्या. ब्लांशे, दामूर, बाला अय्यर वगैरे भौतिकशास्त्रज्ञांनी ही मालिका दुरुस्त्यांच्या ३.५व्या पातळीपर्यंत (ऑर्डर) नेली. विवरं लांब असताना ती उत्तम चालते. शेवटच्या फेऱ्यांत वेग प्रकाशाच्या निम्म्याच्या आसपास जातो आणि तिथे तिचा भरवसा उरत नाही.

दुसरी वाट संगणकाची. १९६४ साली हान आणि लिंडक्विस्ट यांनी आयबीएम ७०९० यंत्रावर पहिला प्रयत्न केला. पुढची चाळीस वर्षं हा प्रश्न कोणाला दाद देईना. विवराच्या पोटात आकडे अनंताकडे धावत, बारीकशा चुका भराभर फुगत आणि एक प्रदक्षिणा पुरी व्हायच्या आतच प्रोग्राम कोसळे. २००५ साली फ्रान्स प्रिटोरियस यांनी शेवटची प्रदक्षिणा, विलीनीकरण आणि नंतरचा विरत जाणारा नाद, सगळं एका सलग सिम्युलेशनमध्ये दाखवलं. काही महिन्यांतच टेक्सास विद्यापीठाचं ब्राउन्सव्हिल केंद्र आणि नासाचं गोडार्ड केंद्र इथल्या गटांनी स्वतंत्रपणे, अगदी वेगळ्या पद्धतीने तेच साधलं. या क्षेत्रातला याहून मोठा टप्पा मला दिसत नाही.

आता दोन्ही वाटांचे तरंग एकमेकांवर ठेवून पाहता येऊ लागले. सुरुवातीला शिखरावर शिखर जुळवायचं आणि पुढे ती किती सरकतात ते मोजायचं. या सरकण्याला कलांतर म्हणतात. २००७ साली कॅलटेक-कॉर्नेल गटाने सारख्या वस्तुमानाच्या, स्वतःभोवती न फिरणाऱ्या विवरांच्या १५ प्रदक्षिणा चालवल्या. म्हणजे लहरीची तीसहून अधिक आवर्तनं. 'टेलर टी४' नावाचं कागदी वाटेवरचं सूत्र त्यांच्याशी ०.०५ रेडियनच्या आत जुळलं, एका आवर्तनाच्या सव्वाशेव्या भागाइतकं!

पण टी१ ते टी४ या चारही टेलर सूत्रांचं मूळ भौतिकशास्त्र एकच आहे, फरक फक्त मालिका कुठे आणि कशी तोडायची याचा. मग टी४चंच इतकं का जुळावं? विवरांना स्वतःभोवतीची गिरकी दिल्यावर ती अचूकता टिकली नाही. आधीचं जुळणं बरंचसं योगायोगाचं होतं. तुलना एकाच उदाहरणावर थांबली असती, तर हे कळलंच नसतं.

बुओनानो आणि दामूर यांनी १९९९मध्ये सुचवलेली 'इफेक्टिव्ह वन-बॉडी' पद्धत इथे कामी आली. दोन विवरांचा प्रश्न ती एकाच कणाच्या गतीत बदलते, आणि तिच्यातले मोकळे आकडे सिम्युलेशनवरून ठरवता येतात.

१४ सप्टेंबर २०१५ला लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने टिपलेला पहिला संकेत जेमतेम ०.२ सेकंदाचा होता. तेवढ्यात सुमारे ८ आवर्तनं झाली आणि कंपनसंख्या ३५वरून १५० हर्ट्‌झवर गेली. त्याचा सर्वांत जोरकस भाग नेमका कागदी मालिका हात टेकते तिथलाच होता.