जग्वारची शोरूम रिकामी कशी झाली

एप्रिल २०२५ मध्ये अख्ख्या युरोपात मिळून जग्वारच्या फक्त ४९ नव्या गाड्यांची नोंदणी झाली. आदल्या वर्षी त्याच महिन्यात हा आकडा दोन हजारांच्या आसपास होता. बातमी झपाट्याने पसरली आणि बहुतेकांनी दोष दिला तो नोव्हेंबर २०२४ मधल्या जाहिरातीला. भडक रंगांचे कपडे घातलेली माणसं, ‘कॉपी नथिंग’ हे घोषवाक्य, आणि गाडी एकही नाही. ‘तुम्ही गाड्या विकता का?’ असा प्रश्न तेव्हा इलॉन मस्क यांनीही विचारला होता.

खरी गोष्ट अशी की विकायला गाड्याच उरल्या नव्हत्या. एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप यांचं उत्पादन २०२४ च्या मध्यातच थांबलं होतं. ई-पेस आणि आय-पेस त्याच वर्षाच्या अखेरीस गेल्या. ब्रिटनमध्ये, म्हणजे घरच्याच बाजारात, नव्या जग्वारची विक्री नोव्हेंबरमध्ये बंद झाली. नवी विजेवरची गाडी येईपर्यंत कंपनीने आपलं दुकान स्वतःहून मिटलं होतं. एखादी नामांकित कंपनी असं का करते, हे समजायला जाहिरातीच्या पुष्कळ मागे जावं लागतं.

१९२२ मध्ये ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावात विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली या दोन तरुणांनी मोटरसायकलच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. पुढे ऑस्टिन सेव्हन या साध्या, स्वस्त गाडीच्या सांगाड्यावर ते स्वतःची देखणी बॉडी चढवू लागले. १९२८ मध्ये धंदा कॉव्हेंट्रीला आला आणि मग एसएस नावाच्या गाड्या निघाल्या. लायन्स हे शिकलेले इंजिनिअर नव्हते. त्यांच्याकडे नजर होती, आणि खर्चावर घट्ट पकड होती.

१९३५ मध्ये लंडनच्या मेफेअर हॉटेलात त्यांनी ‘जग्वार’ हे नाव मिरवणारी पहिली गाडी दाखवली आणि जमलेल्या मंडळींना किंमत ओळखायला सांगितलं. अंदाजांची सरासरी निघाली ६३२ पौंड. प्रत्यक्ष किंमत होती ३९५. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच जग्वारचा पाया. जग्वार म्हणजे श्रीमंतांची गाडी, असं आज आपण सहज म्हणतो, पण लायन्स यांचं गणित वेगळं होतं: श्रीमंतांच्या गाडीसारखी दिसणारी आणि तिच्याइतकीच पळणारी गाडी, त्याहून बऱ्याच कमी पैशांत.

युद्धानंतर एसएस हे नाव ठेवणं शक्यच नव्हतं. हिटलरच्या एसएस दलाने त्या दोन अक्षरांना काळिमा फासला होता. १९४५ मध्ये कंपनीच जग्वार झाली. १९४८ मध्ये एक्सके १२० आली, ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर वेगाची. तिच्या इंजिनाची आखणी कंपनीचे मुख्य इंजिनिअर विल्यम हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळात केली होती. बॉम्बहल्ल्यांमुळे कारखान्याच्या छपरावर आगीसाठी रात्रीचा पहारा असे, त्या पहाऱ्यात बसून. ते इंजिन पुढे चार दशकं चाललं. १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वर्षं ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने जिंकली, आणि १९५३ चा विजय डिस्क ब्रेकच्या बळावर मिळाला. १९६१ ची ई-टाइप आजही अनेकांच्या मते जगातली सर्वांत देखणी गाडी आहे. माझंही मत तेच आहे. तिची किंमत त्या काळच्या ॲस्टन मार्टिनच्या जवळपास निम्मी होती, हे मात्र तिच्या रूपाचं कौतुक करताना विसरलं जातं.

हे गणित टिकवायला गाड्या भरपूर विकल्या जाव्या लागतात, आणि नवीन गाडी घडवायला भांडवल लागतं. लहान कंपनीला दोन्ही एकदम जमत नाही. १९६६ मध्ये लायन्स यांनी जग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन केली. तिथून ती १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड या अवाढव्य समूहात गेली आणि १९७५ मध्ये तो समूहच सरकारच्या ताब्यात आला. संप, सुट्या भागांचा सुमार दर्जा, बिघाडांच्या तक्रारी यांनी नाव पार खाली आलं. १९८० मध्ये वर्षभरात जेमतेम १४ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. नवे प्रमुख जॉन ईगन यांनी दर्जा सावरला, पुरवठादारांना धारेवर धरलं, आणि १९८४ मध्ये थॅचर सरकारने कंपनी शेअर बाजारात आणली. पण पुढची गाडी काढायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तसाच राहिला. १९८९ मध्ये फोर्डने १६० कोटी पौंड मोजून जग्वार घेतली.

फोर्डचा तोडगा होता संख्या वाढवण्याचा. त्यातून २००१ ची एक्स-टाइप आली, फोर्ड मोंडेओच्या सांगाड्यावर बांधलेली. दुसऱ्याच्या सांगाड्यावर गाडी चढवणं जग्वारला नवीन नव्हतं, ऑस्टिन सेव्हनपासून तेच तर चाललं होतं. फरक एवढाच, की लायन्स यांची गाडी मूळ गाडीपेक्षा कितीतरी सुंदर दिसायची आणि एक्स-टाइपमध्ये लोकांना मोंडेओ ओळखू येत होती. वर्षाला एक लाखाचं लक्ष्य कधीच गाठलं गेलं नाही. कॉव्हेंट्रीतल्या ब्राउन्स लेनच्या जुन्या कारखान्यात गाड्यांची जुळणी २००५ मध्ये बंद झाली.

इथे आपला संबंध येतो. २ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने फोर्डकडून २३० कोटी डॉलर्सना जग्वार आणि लँड रोव्हर एकत्र घेतल्या. १९९९ मध्ये डेट्रॉइटला फोर्डच्या लोकांनी रतन टाटांचा कसा अपमान केला आणि नऊ वर्षांनी त्याची परतफेड कशी झाली, हा किस्सा मराठी घराघरांत पोचला आहे. टाटांचे सहकारी प्रवीण काडले यांनी तो २०१५ मध्ये मुंबईत, यशवंतराव चव्हाण पुरस्काराच्या कार्यक्रमात सांगितला होता. ऐकून ऊर भरून येतो, माझाही येतो. पण त्या अभिमानात एक गोष्ट झाकली जाते: फोर्डला जे ओझं पेलवलं नाही, ते टाटांनी खांद्यावर घेतलं होतं. खरेदी झाली आणि तीन-चार महिन्यांत जागतिक मंदी आली. २००८-०९ मध्ये टाटा मोटर्सला एकत्रित २,५०५ कोटी रुपयांचा तोटा झाला.

त्या खड्ड्यातून वर काढलं ते मुख्यतः लँड रोव्हरने. २०११ ची इव्होक आणि चीनमधली मागणी यांनी तिजोरी भरली. पुण्याजवळ चिखलीच्या कारखान्यात २०११ पासून लँड रोव्हरच्या आणि त्यानंतर जग्वार एक्सएफच्याही गाड्यांची जुळणी होऊ लागली. तिजोरीतल्या त्याच पैशांवर जग्वारने पुन्हा संख्येचा डाव मांडला. २०१५ ची एक्सई ब्रिटनमध्ये ३० हजार पौंडांच्या आत सुरू व्हायची, समोर बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडी. या तिघींच्या गाड्या लाखांनी विकल्या जातात, त्यामुळे दर गाडीमागे संशोधनाचा भार कमी पडतो. जग्वारला तोच खर्च मूठभर गाड्यांवर वाटायचा होता. त्यात वेळही चुकली. लोक सेदान सोडून एसयूव्हीकडे वळत होते, आणि २०१५ मध्ये डिझेलच्या धुराच्या चाचण्यांतला फोक्सवॅगनचा घोटाळा उघड झाल्यावर डिझेलवरचा विश्वासच उडाला. जग्वारच्या ब्रिटनमधल्या बहुतांश गाड्या डिझेलच्या होत्या. एफ-पेस या एसयूव्हीने थोडा हात दिला. २०१८-१९ मध्ये विक्री सुमारे १ लाख ८० हजारांवर पोचली, आणि तोच कळस ठरला.

घसरण त्याच वर्षी दिसू लागली. युद्धात जिथे स्पिटफायर विमानं बनत, त्या कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यात २०१८ च्या शेवटी आठवड्यातून तीनच दिवस काम चाललं. जानेवारी २०१९ मध्ये ४,५०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. २०१८ च्या अखेरच्या तिमाहीत जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचं ३१० कोटी पौंडांचं मूल्य पुस्तकातून कमी करावं लागलं आणि टाटा मोटर्सचा तिमाही तोटा जवळपास २७ हजार कोटी रुपयांवर गेला. भारतीय कंपनीच्या इतिहासातला तोवरचा तो सर्वांत मोठा तिमाही तोटा होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्याधिकारी तिएरी बोलोरे यांनी निर्णय जाहीर केला: २०२५ पासून जग्वार फक्त विजेवर. जी विजेवरची एक्सजे येऊ घातली होती, तीसुद्धा रद्द झाली. त्या घटकेपासून जुन्या गाड्यांचे दिवस मोजलेले होते. २०२३-२४ मध्ये जग्वारच्या सुमारे ६७ हजार गाड्या विकल्या गेल्या, २०२४-२५ मध्ये २७ हजारांहूनही कमी. त्याच २०२४-२५ मध्ये जग्वार लँड रोव्हरचा करपूर्व नफा मात्र २५० कोटी पौंडांवर होता. दुकान मिटून बसण्याची चैन जग्वारला परवडली ती रेंज रोव्हर आणि डिफेंडर या लँड रोव्हरच्या गाड्यांच्या जोरावर.

मग २०२५ ने सगळ्यांनाच तडाखा दिला. अमेरिकेच्या आयातशुल्कामुळे एप्रिलमध्ये तिकडची निर्यात काही काळ थांबवावी लागली. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सायबर हल्ल्याने कारखाने महिनाभर बंद पडले, आणि ब्रिटिश सरकारने १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी दिली. नोव्हेंबरमध्ये टाटा मोटर्सचे वित्तप्रमुख पी. बी. बालाजी जग्वार लँड रोव्हरचे मुख्याधिकारी म्हणून रुजू झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत दाखवलेल्या टाइप ०० या नमुना गाडीच्या धर्तीवर आता चार दारांची नवी जग्वार घडते आहे. तिची किंमत एक लाख पौंडांच्या वर असेल असा अंदाज आहे. जुन्या ग्राहकांपैकी बहुतेक सोबत राहणार नाहीत, हे कंपनीने गृहीतच धरलं आहे. ‘कॉपी नथिंग’ हे शब्द लायन्स यांच्याच एका वचनावरून घेतलेले आहेत, पण ६३२ ची वाटणारी गाडी ३९५ ला देण्याचा त्यांचा हिशेब या बेतात कुठेच नाही. गाड्या मोजक्या आणि प्रत्येकीचे पैसे भरपूर, असा हा उलटा डाव आहे. या नव्या गाडीची जुळणी होणार सॉलिहलला, लँड रोव्हरच्या जुन्या घरी.