पार्श्वभूमी : लेकराची कावीळ

मराठवाड्यात बाळंतिणीची खोली अंधारी असते. दाराला पडदा, खिडकीला गोधडी, बाजेखाली शेगडी. तिथं लेकरू पिवळं पडलेलं दिसतच नाही. ते दिसतं पाचवीला, बायका जमल्यावर कुणीतरी त्याला दारात आणतं तेव्हा. ही कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच भरात असते आणि दवाखान्यातून सुट्टी बहुधा त्याआधीच झालेली असते.

घोटाळा शब्दापासूनच आहे. दूषित पाण्यातून मोठ्यांना होते ती कावीळ म्हणजे यकृताची सूज. तिच्यावर माळ घालणं, चुन्याच्या पाण्याने हात धुणं, नाकात थेंब सोडणं, तेल-हळद बंद करणं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. बाळाच्या पिवळेपणालाही तेच नाव पडलं आणि नावामागून उपायही आले. लेकराच्या गळ्यात माळ, आईच्या वरणातली हळद बंद. बाळाचं दुखणं मुळातच वेगळं. त्याच्या तांबड्या पेशी भराभर मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि कोवळ्या यकृताला ते लवकर निपटत नाही. पूर्ण दिवसांच्या दहापैकी सहा बाळांत हे दिसतं, बहुतेकांचं आपोआप ओसरतं. आईच्या ताटातल्या हळदीचा यात काहीच दोष नाही. उलट बाळाला पुन्हापुन्हा पाजावं, कारण बिलिरुबिन शीवाटे बाहेर पडतं. पण पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा आला, तळपाय पिवळे झाले, लेकरू दूध ओढेना, तर बिलिरुबिन मेंदूत शिरायची भीती असते. मग बहिरेपण येतं, हातपाय आखडतात. अशा वेळी माळेची वाट पाहण्यात गेलेला एकेक दिवस फार महाग पडतो.

1940च्या दशकात अशा बाळाचं रक्तच बदलत. 1950च्या दशकात इंग्लंडमधल्या एका परिचारिकेने उन्हात नेलेल्या बाळाची कातडी उजळलेली पाहिली. चादरीखाली झाकलेला तुकडा तेवढा पिवळाच राहिला होता. त्यातून निळ्या प्रकाशाचे दिवे आले.

‘कोवळं ऊन दाखवा’ हा सल्लाही तिथलाच, आणि तो अजून दिला जातो. मला तो पटत नाही. उन्हाचा डोस मोजता येत नाही आणि इथल्या एप्रिलात सकाळी नऊलाच अंग भाजतं.

2011पासून सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार मोफत झाले, जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात शिशू कक्ष उभे राहिले. ‘लेकरू काचेत ठेवलंय’ हे घरोघरी कळू लागलं, मग ते दिव्याखाली असो की नुसतं उबेला. आशाताई घरी येऊन कपाळावर बोट दाबून रंग पाहू लागल्या. त्यांच्या फेऱ्या तिसऱ्या आणि सातव्या दिवशी असतात. मधल्या पाचवीला लेकराकडे पाहायला आत्या-मावश्याच असतात.