चिऱ्याच्या विहिरीचे पाणी आणि लाल कोळंबी

चवथीच्या सुट्टीत शेजारचा सहा वर्षांचा मुलगा आमच्या लाल चेरी कोळंब्यांच्या टाकीच्या काचेला नाक लावून उभा होता. एकदम ओरडला, "काकी, एक मेली!" मॉसच्या झुपक्यावर खरेच एक कोळंबी आडवी पडली होती. मिशा, पाय, शेपटीचा पंखा, डोळ्यांच्या वाट्यासुद्धा जागच्या जागी होत्या. रंग मात्र नव्हता. चिमट्याने उचलून ती त्याच्या तळहातावर ठेवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी हलकी आणि पारदर्शक, मानेमागे एक आडवी फट. "मेली नाही रे, कात टाकलीय तिने. ती बघ, करवंटीच्या मागे लपून बसलीय." त्याला ती लपलेली कोळंबी दिसली, मग आम्ही कात परत पाण्यात सोडली. दहा मिनिटांत दोघीजणी तिच्यावर बसून कुरतडू लागल्या.

टाकीतली कात काढून टाकू नये, ते याचसाठी. कोळंबीचे कवच काइटिन नावाच्या चिवट पदार्थाचे असते आणि त्याला कडकपणा येतो कॅल्शियम कार्बोनेटमुळे. कवच वाढत नाही, म्हणून आतल्या जिवाला ते फोडून बाहेर यावे लागते. मोठी चेरी कोळंबी साधारण तीन-चार आठवड्यांनी कात टाकते, पिल्ले तर दर काही दिवसांनी. बाहेर आल्यावर ती पाणी शोषून फुगते आणि नव्या मऊ कवचात चुना भरू लागते. हा चुना तिला काही अंशी टाकलेल्या कातीतून मिळतो, पण बराचसा ती कल्ल्यांवाटे पाण्यातूनच ओढून घेते. पाण्यात तो नसेल तर कवच नीट उकलत नाही. मानेमागची फट पुढे सरकण्याऐवजी अंगाभोवती पांढरे कडे उमटते आणि बहुतेक वेळा कोळंबी त्या कड्यातच अडकून मरते. बाजारातून आणलेल्या कोळंब्या पंधरा-वीस दिवसांत एकेक करून मेल्या, असे कोणी सांगितले की मी पहिल्यांदा हेच विचारते: पांढरे कडे दिसले होते का?

गोव्यात हे विचारणे जास्त गरजेचे आहे, कारण आपले घर ज्या चिऱ्यावर उभे आहे तो चिरा, म्हणजे जांभा, पावसाने धुऊन निघालेला दगड आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही लाखो वर्षे. मूळ खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. चिऱ्याचा तांबडा रंग त्या लोहाचाच. अशा थरातल्या विहिरीचे पाणी बहुधा सुफेन आणि किंचित आम्लधर्मी असते. साबणाला भरपूर फेस येतो, भांड्यांवर पांढरे डाग पडत नाहीत, घरात सगळे खूश. पण कोळंबीच्या हिशेबाने ते पाणी रिकामे आहे.

पाण्याचे काठिण्य, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम, तपासण्याची थेंबांची बाटली मिळते. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकायचा आणि रंग कितव्या थेंबाला बदलतो ते मोजायचे. एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतके काठिण्य. चेरी कोळंबीला ६ ते १० अंश मानवतात. फोंड्याला आमच्या विहिरीच्या पाण्याचा रंग दुसऱ्याच थेंबाला बदलला. विरघळलेले क्षार मोजणारा पेनासारखा मीटर स्वस्त आहे, पण तो सगळ्या क्षारांचा एकच आकडा देतो. किनाऱ्याजवळच्या विहिरीत समुद्राचे मीठ शिरले असेल तर मीटर मोठा आकडा दाखवतो आणि कॅल्शियमची उणीव त्याखाली झाकून जाते. दोन्हींतले एकच घेणे परवडत असेल तर थेंबांची बाटली घ्यावी.

उपाय मात्र गोव्याच्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे: तिसऱ्यांची शिंपले. ती जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेटची असतात. मीठ-मसाला जाईपर्यंत घासायची, उकळायची, चार उन्हे दाखवायची आणि मूठभर टाकीत ठेवायची. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शिंपले हळूहळू विरघळवतो. त्यातून कॅल्शियम मिळते आणि पाण्याची आम्लता आवरणारी बायकार्बोनेटेही मिळतात. पाणी आम्लधर्मी असले की विरघळणे वेगाने होते, सामू (pH) साडेसातच्या आसपास गेला की अगदी मंदावते, त्यामुळे चुना अती होण्याची भीती नाही. मॅग्नेशियम मात्र शिंपल्यांतून पुरेसे येत नाही. त्यासाठी कोळंबीकरिता मिळणारे तयार क्षार थोडे घालावे लागतात. ते थेट टाकीत टाकू नयेत, बादलीतल्या पाण्यात विरघळवून मगच घालावेत.

नळाचे पाणी वापरणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण. फोंडा-पणजीकडे ओपाचे, म्हणजे खांडेपार नदीचे शुद्ध केलेले पाणी येते आणि त्यात क्लोरीन असतो. बादलीत २४ तास हवेचा बुडबुडा सोडून ठेवले की तो उडून जातो. पावसाळ्यात पाण्याला वास जास्त जाणवला तर मी क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे थेंबही घालते. हे पाणी तांब्याच्या कळशीत किंवा हंड्यात साठवू नये. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन तांब्यावरच चालते, त्यामुळे तिचे रक्त निळसर असते. तरी पाण्यात सुटे विरघळलेले तांबे तिच्या कल्ल्यांना विषच आहे, आणि सुफेन, आम्लधर्मी पाण्यात ते भांड्यातून अधिक सुटते.

टाकी २० ते ४० लिटरची पुरे. छोटी काचेची बरणी दिसायला गोड, पण थोडे पाणी पटकन तापते आणि पटकन बिघडते. तळाला बारीक रेव, जावा मॉसचे दोन झुपके, एक नारळाची करवंटी. पाणी गाळायला हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज घ्यावा. मोटरचे फिल्टर दोन मिलिमीटरची पिल्ले ओढून घेतात, स्पंजावर तीच पिल्ले चरायला बसतात.

कोळंब्या मात्र लगेच आणू नयेत. चार ते सहा आठवडे टाकी रिकामीच चालवायची आणि दर दोन दिवसांनी चिमूटभर माशांचे खाद्य टाकायचे. ते कुजून अमोनिया होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. ही दोन टप्प्यांची विभागणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी उलगडली. २०१५ मध्ये नायट्रोस्पायरा गटातले काही जीवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात असे आढळले. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषे शून्य दिसू लागली की टाकी तयार. याच दिवसांत काच, पाने आणि करवंटीवर बुळबुळीत थर धरतो. जीवाणू, शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा तो थर हेच कोळंबीचे खरे अन्न. ती दिवसभर त्यावर बोटांसारखे पुढचे पाय चालवत बसते. वरचे खाद्य आठवड्यातून तीन-चारदा पुरे, आणि दोन तासांत संपले नाही तर उरलेले उचलावे. आमच्याकडे तिला सर्वांत आवडते ते अंगणातल्या देशी बदामाचे वाळून आपोआप गळलेले पान. पाणी चहासारखे होते, त्याने काही बिघडत नाही. महिन्याभरात पानाच्या नुसत्या शिरांची जाळी उरते.

उन्हाळ्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. चेरी कोळंबी २८ अंश सेल्सिअसपर्यंत बरी राहते, पण मे महिन्यात आमच्या टाकीचा काटा ३१ वर जातो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि उकाड्यात कोळंबीला तोच जास्त लागतो. पृष्ठभागावर पंखा सोडला की पाणी वाफ होऊन उष्णता घेऊन जाते. हिशेब केला तर ३० लिटरमधले १०० मिलिलिटर पाणी उडाले की टाकी जवळजवळ २ अंशांनी उतरावी, बाहेरून उष्णता आत येत नसेल तर. पण आपली हवा मुळातच दमट आहे. पावसाच्या तोंडावर तर पंखा फिरत राहतो आणि काटा हलत नाही. अशा दिवसांत मी टाकी अंधाऱ्या खोलीत ठेवते आणि बुडबुडे वाढवते. उडालेल्या पाण्याची भरपाई क्षार न घातलेल्या पाण्याने करायची, कारण वाफ जाते आणि क्षार मागेच राहतात. काळ्या-पांढऱ्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या 'बी' (bee, म्हणजे मधमाशी) नावाच्या कोळंब्यांना आपले सुफेन पाणी आवडले असते, पण त्यांना २०-२४ अंशांचा गारवा हवा. इथे नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

माझी सर्वांत मोठी हानी पाण्यामुळे झालीच नाही. दोन वर्षांपूर्वी टेबलाच्या पायांना मुंग्या लागल्या म्हणून मी मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली आणि तोच हात, नीट न धुता, मॉस सारखे करायला टाकीत घातला. तासाभराने कोळंब्या वेड्यासारख्या गोल गोल पोहू लागल्या. मग पाठीवर पडल्या, पाय थरथरत राहिले. संध्याकाळपर्यंत चाळीसेक गेल्या. गोगलगायी मात्र काचेवर निवांत फिरत होत्या. ते पाहिल्यावर कारण उमगले. या खडूत, मच्छरांच्या अगरबत्तीत आणि फवाऱ्यात पायरेथ्रॉइड वर्गातली रसायने असतात. ती मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडीच धरून ठेवतात आणि तंतू थांबेनासा होतो. कीटक आणि कोळंबी दोन्ही संधिपादच, म्हणजे सांध्यांच्या पायांचे प्राणी, गोगलगाय तशी नाही, त्यामुळे मुंगीला मारणारे औषध कोळंबीलाही मारते. डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धुराची फवारणी येणार असे कळले की मी हवेचा पंप बंद करते, टाकीवर ओले फडके घालते आणि खिडक्या लावून घेते. धूर विरला की आधी पंप सुरू करते. बाजारच्या काकडी-पालकावरही फवारणीचा अंश असू शकतो, म्हणून तो टाकीत घालत नाही, घरची मशिंगाची (शेवग्याची) पाने उकळून देते.

सगळे जमले की मादीच्या मानेमागे पिवळसर डाग दिसू लागतो. ती आत भरत आलेली अंडी. कात टाकल्यावर ती पाण्यात गंध सोडते आणि सगळे नर टाकीभर सैरावैरा धावतात. पुढे २०-३० अंडी पोटाखालच्या पायांत धरून ती तीन-चार आठवडे त्यांना वारा घालत राहते. आपल्या नद्यांतल्या मोठ्या कोळंबीची पिल्ले वाढायला खाडीचे मचूळ पाणी लागते. चेरीचे तसे नाही. अंड्यातून दोन मिलिमीटरची पूर्ण कोळंबीच बाहेर येते, म्हणून ती घरात इतकी वाढते.

आणि म्हणूनच ती ओढ्यात, तळ्यात, शेतातल्या पाण्यात कधीही सोडू नये. मूळची चीन, तैवान आणि कोरियाकडची ही कोळंबी जर्मनीत वीजकेंद्राचे कोमट पाणी येणाऱ्या ओढ्यात वस्ती करून बसली आहे. आपल्याकडे तर पाणी बारा महिने कोमट. सह्याद्रीच्या झऱ्यांत आपल्या स्वतःच्या कॅरिडिना जातीच्या छोट्या कोळंब्या आहेत. त्यांच्या वाट्याचे अन्न आणि जागा हिला द्यायची नाही, की हिच्या अंगावरचे रोगही तिकडे पोचू द्यायचे नाहीत. टाकीचे काढलेले पाणी मी नाल्यात ओतत नाही, कुंड्यांना घालते. जास्त झालेल्या कोळंब्या मागणाऱ्याला स्टीलच्या डब्यात देते, त्यांच्याच पाण्यात, मॉसच्या तुकड्यासह. घरी गेल्यावर नळीला गाठ मारून सेकंदाला दोन थेंब या गतीने दीड तास नवे पाणी डब्यात पाडायला सांगते. सोबत पिशवीत धुतलेल्या तिसऱ्यांची पाच-सहा शिंपले असतात. शेजारच्या मुलाने परवा त्याच्या आईकडून दहा लिटरची काचेची पेटी मिळवली, त्या पेटीला मी अजून हो म्हटलेले नाही. वीस लिटरची आणली तर दहा कोळंब्या देणार आहे.