विहिरीतल्या अंधाराचे दाणे

“मामा, पडद्यावर वाळू उडतेय. ही कसली ४के प्रत?” ‘रिंग’ या जपानी भयपटाची ब्लू-रे दहा मिनिटं पाहून भाच्याने मला विचारलं. डब्यावर ‘४के रिस्टोरेशन’ असं ठळक छापलेलं, त्यामुळे मोबाइलवरच्या व्हिडिओसारखं गुळगुळीत चित्र दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. ती वाळू हेच खरं चित्र आहे, हे मला तेव्हा त्याला नीट पटवता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी त्या ४केविषयी. हिदेओ नाकाता यांचा हा चित्रपट १९९८चा, कोजी सुझुकी यांच्या १९९१मधल्या कादंबरीवरचा. एक शापित व्हिडिओ कॅसेट असते आणि ती पाहणारा सात दिवसांत मरतो. शापामागे असते सादाको, विहिरीत मारून टाकलेली एक मुलगी. चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर झालेलं. २०१९मध्ये ब्रिटनमधल्या ॲरो व्हिडिओने मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून ४के रिस्टोरेशन करून ब्लू-रे काढली आणि छायालेखक जुनिचिरो हायाशी यांनी ते तपासून मान्य केलं. साध्या ब्लू-रेवर चित्र १९२० × १०८० बिंदूंचंच असतं, ४के (आडवे सुमारे चार हजार बिंदू) हा आकडा फिल्मच्या स्कॅनचा. मला त्या आकड्यापेक्षा हायाशींची मान्यता मोलाची वाटते, कारण कुठला कोपरा किती काळा हे ज्याने ठरवलं, त्यानेच तो पुन्हा पाहिला.

आता दाण्यांकडे येऊ. फिल्मच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाशाचा एक फोटॉन स्फटिकावर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि चांदीच्या एका आयनाला जाऊन मिळतो. चांदीचा एक अणू तयार होतो. असे चारेक अणू एका जागी जमले की तो स्फटिक ‘पाहिलेला’ ठरतो. मग डेव्हलपर नावाच्या रसायनात त्या सगळ्या स्फटिकाची चांदी होते. चार अणूंचं बीज आणि त्यावरून कोट्यवधी अणू! रंगीत फिल्ममध्ये या चांदीभोवती रंगद्रव्य तयार होतं, चांदी पुढे धुऊन काढतात आणि मागे रंगाचे बारीक ढग उरतात. पडद्यावर दाणे दिसतात ते हेच.

सगळे स्फटिक एका आकाराचे नसतात. मोठ्या स्फटिकावर फोटॉन पडण्याची शक्यता जास्त. उजेडात लहानमोठे सगळेच उमटतात आणि दाट थर मिळतो. अंधाऱ्या कोपऱ्यातून मात्र मोजकेच फोटॉन येतात. तिथे फक्त थोराड स्फटिक उमटतात, तेही विरळ. म्हणून फिल्मवरचा काळोख भरड असतो, आणि भयपट तर घडतोच काळोखात.

इथे जरा वाकडी वाट करतो. कथेतल्या सादाकोला मनातली चित्रं नुसत्या विचाराने उमटवता येतात. या कल्पनेमागे खरा इतिहास आहे. तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी १९१०च्या सुमारास अतींद्रिय शक्तीचे प्रयोग केले आणि विचार फोटोच्या काचेवर उमटतात असा दावा केला. जपानीत त्याला ‘नेन्शा’ म्हणतात. काटेकोर तपासणीत तो दावा टिकला नाही आणि १९१३मध्ये फुकुराईंना विद्यापीठ सोडावं लागलं. कितीही एकाग्र विचार केला तरी स्फटिकातला इलेक्ट्रॉन सुटत नाही, त्याला ऊर्जाच लागते. आपल्याकडेही फोटोत ‘दैवी गोळा’ दिसला की लोक हात जोडतात. आधी फ्लॅशसमोर उडणारी धूळ तपासावी.

आता माझ्या सर्वात आवडीचा भाग. ब्लू-रेवर प्रत्येक बिंदूची उजळता ८ बिटांत लिहितात. काळा म्हणजे १६, पांढरा म्हणजे २३५, मधल्या पायऱ्या २१९. विहिरीची भिंत यातल्या तळाच्या दहाव्या हिश्श्यात आली, तर तिच्या वाट्याला येतात जेमतेम २२ पायऱ्या. भिंत पडदाभर पसरलेली आणि एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हळूहळू काळवंडत जाणारी असेल, तर १९२० भागिले २२, म्हणजे सुमारे ८७ बिंदू रुंदीचे पट्टे दिसायला हवेत, नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे. खराब प्रतीत तसे दिसतातही. त्याला बँडिंग म्हणतात. चांगल्या प्रतीत का दिसत नाहीत?

दाण्यांमुळे. समजा एका जागेची खरी उजळता २०.३ आहे. दाणे नसतील तर ती दर वेळी २० अशीच लिहिली जाणार, ते .३ कायमचं गेलं. दाणे असले की मूल्य थोडं खालीवर होतं. कधी २०.७ होऊन २१ लिहिलं जातं, कधी १९.९ होऊन २०. गोंधळ पुरेसा असेल तर दहापैकी साधारण तीनदा २१ आणि सातदा २० येतं. सरासरी काढा: २०.३! सेकंदाला २४ फ्रेम पाहणारा डोळा ही सरासरी आपोआप काढतो. पायऱ्यांमध्ये न मावणारी माहिती या गोंधळाने वाहून आणली. ध्वनी आणि चित्राचे अभियंते असा गोंधळ मुद्दाम मिसळतात, त्याला ‘डिदर’ म्हणतात. फिल्मने तो आपल्याला फुकट दिलेला असतो.

पण संक्षेपण करणाऱ्या एन्कोडरला हे दाणे नकोसे असतात. रंगांची माहिती आधीच घटवूनही हे चित्र सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट भरतं. ब्लू-रेवर चित्राला जास्तीत जास्त ४० मिळतात, डीव्हीडीवर १०सुद्धा नाहीत. एन्कोडर मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधून बिट वाचवतो. भिंत तीच असते, पण दाणे दर फ्रेमला नवे, त्यांचा अंदाज बांधताच येत नाही. बिट अपुरे पडले की तो अंधारातलाच बारकावा आधी टाकून देतो आणि चौकोनी ठोकळे उमटतात. कधी प्रत काढणाराच आधी दाणे ‘साफ’ करतो. मग चेहरे मेणाचे होतात आणि सादाकोच्या तोंडावरचे केस बट-बट न राहता काळा फडका बनतात. स्ट्रीमिंगमधल्या एव्ही१ या पद्धतीत तर दाणे काढून टाकायचे आणि तुमच्या टीव्हीत नकली दाणे पुन्हा शिंपडायचे, अशीही सोय आहे.

‘रिंग’मध्ये आणखी एक गुंता आहे. शापित कॅसेटवरची दृश्यंही ३५ मिलिमीटरवरच टिपली आणि मग संगणकाने त्यांत भरडपणा मिसळला. म्हणजे एक गोंधळ फिल्मचा, दुसरा दिग्दर्शकाने मागून घेतलेला. साफसफाईच्या सॉफ्टवेअरला यातला फरक कळत नाही. चांगल्या प्रतीत ते दोन वेगळे पोत म्हणून दिसतात.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग केबलने यात काडीचाही फरक पडत नाही, बिट पोचले की पोचले. खोलीतले दिवे घालवा, टीव्हीचा शार्पनेस उतरवा, मोशन स्मूदिंग बंद करा. मग शापाचा माग काढणारे रेको आणि र्‍युजी विहिरीत उतरतात तो प्रसंग लावा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. दाणे प्रत्येक फ्रेमला बदलले पाहिजेत. चेहरा हलतोय आणि मागच्या भिंतीवरचे दाणे गोठलेत, असं दिसलं तर प्रतीत गडबड आहे.

भाच्याबरोबर मी हेच केलं. दाणे बदलत होते. मग टीव्हीतलं नॉइज रिडक्शन पूर्ण चढवलं. वाळू गेली, आणि तिच्याबरोबर दगडांच्या सांधींतली ओल गेली, भिंतीचा खडबडीतपणा गेला. करड्या पट्ट्यांचा एक सपाट पडदा उरला. भाच्याने काही न बोलता रिमोट घेतला आणि ते बंद करून प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून लावला.