डॉक्टर-हेली

जपानमधील आपत्कालीन वैद्यकीय हेलिकॉप्टर सेवा. मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन केंद्राजवळ हेलिकॉप्टर सज्ज ठेवलेले असते आणि मागणी येताच ते तेथील डॉक्टर व परिचारिका यांना घेऊन उड्डाण करते. रुग्णाला वेगाने हलवणे हा या सेवेचा एक भाग झाला. तिचे खरे प्रयोजन डॉक्टरला रुग्णापाशी नेणे हे आहे. जपानमधील रुग्णवाहिकेवरील प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना कायद्याने मोजकेच उपचार करता येतात, त्यामुळे हा भेद तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

1995 च्या कोबे भूकंपात रस्ते निकामी झाले, तरी हवाई मार्गाने फारच थोडे जखमी हलवता आले. या अनुभवानंतर विचाराला चालना मिळाली, 1999 मध्ये प्रायोगिक उड्डाणे झाली आणि एप्रिल 2001 मध्ये ओकायामा प्रांतातील कावासाकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून नियमित सेवा सुरू झाली. 2007 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. 2022 पर्यंत सर्व 47 प्रांत तिच्या कक्षेत आले.

मदतीचा दूरध्वनी अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात येतो. ‘छातीत दुखते आहे’, ‘गाडीखाली अडकला आहे’ असे ठरावीक शब्द कानी पडताच, रुग्णवाहिका पोहोचून खातरजमा होण्याची वाट न पाहता, हेलिकॉप्टर मागवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुजली आहे. रुग्ण गंभीर नसल्याचे कळले, तर उड्डाण मध्येच रद्द होते, आणि असे रद्द होणे चूक मानले जात नाही. या पद्धतीचे यश या सवलतीतच आहे, कारण एरवी नियंत्रण कक्षातील माणूस खात्री होईपर्यंत हात आखडता घेईल.

हेलिकॉप्टर सहसा अपघाताच्या जागी उतरत नाही. शाळेचे मैदान, नदीपात्रालगतची मोकळी जागा अशी ठिकाणे आधीच निश्चित केलेली असतात. तेथे अग्निशमन दल गर्दी हटवते आणि पंख्याच्या झोताने धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारते. रुग्णवाहिकाही तेथेच येते. डॉक्टर तिच्यात चढून तपासतो, गरजेनुसार श्वासनलिकेत नळी घालतो किंवा छातीत साचलेली हवा काढतो, आणि मगच रुग्णाला कोणत्या रुग्णालयात व कोणत्या वाहनाने न्यायचे हे ठरवतो. कधी रुग्ण रुग्णवाहिकेतूनच जातो आणि डॉक्टर त्याच्यासोबत बसतो. वैमानिक व तंत्रज्ञ हे उड्डाण चमूचे घटक असतात, तर तळावरील संपर्क अधिकारी हवामान, उतरण्याची जागा व निरोप सांभाळतो.

उड्डाणासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. उपचारांचे शुल्क मात्र विमा नियमांनुसार आकारले जाते. सेवेचा खर्च केंद्र व प्रांत सरकारे उचलतात.

वैमानिक डोळ्यांनी पाहून उड्डाण करत असल्याने सेवा मुख्यतः दिवसाच चालते. धुके व जोरदार वारा तिला रोखतात. अलीकडे वेगळीच अडचण पुढे आली असून, 2025 मध्ये तंत्रज्ञांच्या तुटवड्यामुळे काही प्रांतांत हेलिकॉप्टर दिवसचे दिवस जमिनीवरच उभी राहिली.